रामशेजच्या फलकावर एक ओळ कोरी ठेवा

प्रति,
रामशेज किल्ल्याच्या पायथ्याला, वाटेवर आणि माथ्यावर माहितीफलक लावणारी मंडळं, ग्रामपंचायती, सरकारी खाती आणि हौशी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकचा पेंटर. भिंतींना रंग देणारा नव्हे, पाट्या रंगवणारा. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या, ट्रकच्या मागच्या फळीवरच्या ओळी, यातच तीसेक वर्षं गेली. फ्लेक्स आला तेव्हा आमच्यातल्या निम्म्यांनी ब्रश धुऊन कायमचे ठेवून दिले. मी टिकलो तो देवळं आणि गड यांच्या जोरावर. डोंगरावरच्या वाऱ्यात फ्लेक्स दुसऱ्या पावसाळ्यात फाटतो. पत्र्यावरचा ऑइल पेंट, खाली प्रायमर नीट बसला असेल तर, दहा वर्षं हलत नाही. म्हणजे माझ्या हातून गेलेली चूकही दहा वर्षं हलत नाही. तशी एक चूक रामशेजवर उभी आहे आणि ती मी स्वतःच्या हाताने पिवळ्या रंगात रंगवलेली आहे.

झालं असं. काही वर्षांपूर्वी एका मंडळाने रामशेजसाठी फलक सांगितला. मंडळाचं नाव घेत नाही. माणसं भली आहेत, पावसाळ्याआधी टाक्यांतला गाळ काढायला सगळे खरोखर वर जातात. चार बाय तीनचा पत्रा, निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं. मजकूर मोबाइलवर आला. त्यात किल्लेदाराचं नाव होतं, आडनावासकट. ‘हे जरा मोठं आणि पिवळ्यात घ्या,’ असं फोनवर सांगितलं. घेतलं. रविवारी नारळ फोडून फलक लागला, पेढे वाटले, माझेही पैसे रोख मिळाले.

पुढे दोन वर्षांनी त्याच फलकाचे कोपरे गंजले म्हणून डागडुजीला गेलो. थोडं वर चढलं तर दुसऱ्या कुणाचा तरी नवा फलक. त्यावर किल्लेदाराचं नाव वेगळं, आडनाव वेगळं, मावळ्यांचा आकडाही वेगळा. शाळेची सहल आली होती. सहावी-सातवीतला एक मुलगा आधी खालचा फलक वाचून आलेला, तो वरच्यासमोर थांबला. माझ्या हातात रंगाचा डबा बघून त्याला वाटलं असावं की याला माहीत असणार.

‘काका, हे दोघं एकाच वेळी किल्लेदार होते का?’

‘एकामागून एक असतील,’ मी म्हणालो.

‘मग लढला कोण?’

मी ब्रश बुडवला आणि काम असल्यासारखं केलं. पोरगं थोडा वेळ थांबलं आणि गेलं.

त्या आठवड्यात मी सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसलो. १८४० सालचं ते वाचनालय, पण इतकी वर्षं गावात राहून मी तिथे फार तर त्यांच्या कार्यक्रमाचा बोर्ड रंगवायला गेलो असेन. या खेपेला वाचायला गेलो. आता जे सांगतो ते मी इतिहासकार म्हणून सांगत नाही. ज्याला मजकूर चुकला की पत्रा खरवडावा लागतो, त्या माणसाच्या सावधपणाने सांगतो.

रामशेज मोठा गड नाही, हे आधी मान्य करा. पेठ रोडने निघालं की शहरापासून चौदा-पंधरा किलोमीटरवर आशेवाडी, तिथून तासाभराची चढण. उंची समुद्रसपाटीपासून साधारण ३,२०० फूट, पण नाशिकच मुळात दोन हजार फुटांच्या आसपास बसलेलं असल्याने डोंगर डोळ्यांना तेवढा भरत नाही. साल्हेरपुढे तर हा लहान भाऊसुद्धा शोभायचा नाही. आजूबाजूला दाट रान नाही, खोल दऱ्या नाहीत. मोकळ्या माळावर उठलेला लांबट डोंगर आणि त्याच्या कडेला सरळ तासल्यासारखा कातळ, एवढंच. १६८२ च्या मार्चमध्ये औरंगजेब औरंगाबादेत येऊन बसला आणि मराठ्यांचे गड घ्यायचे ठरले, तेव्हा सुरुवातीलाच रामशेजवर बोट ठेवलं गेलं. सोपा घास वाटला असणार. नाशिक तेव्हा मुघलांकडे होतं, गुलशनाबाद नावाने, आणि या गडावरून शहर अगदी समोर दिसतं. आजही वर उभं राहिलं की चांभारलेणीच्या डोंगरामागे शहर पसरलेलं दिसतं, रात्री तर दिव्यांचा नुसता चुराच. शहराच्या डोक्यावर शत्रूचा एवढासा गड, हे मुघलांना कसं रुचावं?

एप्रिलमध्ये शहाबुद्दीन खान वेढा घालून बसला. हा तोच, जो पुढे गाझीउद्दीन फिरोजजंग झाला, आणि ज्याचा मुलगा हैदराबादचा पहिला निजाम. १७२८ मध्ये पहिल्या बाजीरावाने पालखेडला कोंडला तो हा मुलगा. (इथे फलकवाल्यांसाठी जाता जाता: ते पालखेड वैजापूरकडचं. आपल्या दिंडोरीत कादवेवर धरण आहे त्या पालखेडचा त्या लढाईशी संबंध नाही. हा मजकूरही एकदा माझ्याकडे आला होता. तो मी परत पाठवला, तेवढीच माझी पुण्याई.)

शहाबुद्दीनने मोर्चे बांधले, सुरुंग लावले, आणि खालून तोफा वर पोचेनात म्हणून लाकडांचा भलाथोरला दमदमा उभारला, गडाच्या उंचीशी बरोबरी करायला. वरच्यांकडे म्हणे धड लोखंडी तोफाच नव्हत्या. त्यांनी लाकडाचे ओंडके कोरले आणि त्यांवर कातडी चढवून तोफा केल्या. हे सांगणारा माणूस मराठा नाही, मुघलांच्या बाजूचा इतिहासकार खाफीखान आहे. यातली एकेक तोफ दहा तोफांचं काम करायची, असं तोच लिहितो. फलकांवर ही ओळ येते, पण नुसती ‘लाकडी तोफा’ म्हणून येते आणि पोरांना ती खेळण्यातली तोफ वाटते. ढोलकी मढवणाऱ्याच्या दुकानात घटकाभर उभं राहून बघा. ओलं कातडं ताणून बसवतात आणि वाळताना ते असं आवळत जातं की खालचं लाकूड करकरतं. तेच कातडं ओंडक्यावर वेढ्यावर वेढे घालून आवळलं तर बार सोसायची थोडी ताकद येणारच. फुटतही असतील. पण फुटली तर दुसरी करायला वर लाकूड होतं, कातडं होतं आणि हात होते. फलकावर हे लिहायला मला दोन ओळी जास्त लागतील, पण ‘पराक्रमाची पराकाष्ठा’, ‘अजरामर शौर्यगाथा’ असे शब्द काढले तर चार ओळी रिकाम्या होतात. मी मोजून सांगतोय.

शहाबुद्दीनला जमेना, तेव्हा खानजहान बहादूर कोकलताश आला. बादशहाचा दूधभाऊ, पेडगावच्या भुईकोटाला ज्याच्या नावाने बहादूरगड म्हणतात तोच. त्याने एका रात्री डाव टाकला. गडाच्या एका अंगाला गलबला, आरडाओरडा, बाजारबुणगे आणि तोफा, आणि दुसऱ्या अंगाने निवडक माणसं दोर लावून गुपचूप वर. वरच्या माणसाने हे ओळखलं. त्यानेही एका बाजूला नगारे आणि आरोळ्यांचा दणका उडवून दिला आणि दुसऱ्या बाजूला आपली माणसं मुकाट बसवली. दोरावरून पहिली डोकी कड्याच्या वर आली तसा घाव बसला. दोर कापले, बाकीचे खाली.

या प्रसंगाशी मी फार वेळ थांबतो, दर वेळी. नगारा वाजवणं सोपं आहे. अंधारात कड्याच्या काठाला बसून, पलीकडे एवढा गोंगाट चाललेला असताना, खालून येणाऱ्या दोराच्या घासण्याकडे कान लावून न बोलता बसणं, यासाठी ज्याच्या शब्दावर माणसं श्वास रोखून बसतील असा कोणीतरी लागतो. तो कोणीतरी म्हणजे किल्लेदार. त्याचं नाव खाफीखान देत नाही.

मग सोन्याच्या नागाची गोष्ट. ही सगळ्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. खानाच्या छावणीतल्या एकाने सांगितलं, गडावरच्यांना भुतं वश आहेत, शंभर तोळ्यांचा सोन्याचा नाग करून द्या, मी मंतरून पुढे धरतो आणि फौज दरवाजापर्यंत नेतो. खानाने नाग करून दिला. हा हातात नाग धरून निघाला, अर्ध्या वाटेवर वरून आलेला मारा छातीत बसला, नाग एकीकडे आणि मांत्रिक दुसरीकडे. अखेर खानजहानने वेढा सोडला आणि जाताना तो लाकडी दमदमा पेटवून दिला. हीही खाफीखानाचीच गोष्ट. हसू येतं आणि यायलाच हवं. पण प्रत्येक फलकावर नाग आहे, आणि पाणी मात्र एकाही फलकावर नाही.

पाच वर्षांहून अधिक काळ माणसं वर राहिली, तर ती प्यायली काय? रामाच्या देवळापाशी, कातळातल्या गुहेशेजारी जे टाकं आहे तिथे एकदा मे महिन्यात दुपारी बसा. बाहेर दगड पायाला चटका देतो आणि आत हात घातला की मनगटापर्यंत गार. वर माथ्यावर कातळात खोदलेली आणखी टाकी आहेत, काही भरलेली, काही गाळाने बुजलेली. कडेला छिन्नीच्या खुणा तिरक्या एका रांगेत दिसतात, आम्ही शेडिंग करतो तशा. खोदणाऱ्याने किती दिवस घेतले असतील कोण जाणे, पण त्याने उतार असा धरलाय की माथ्यावरचं पावसाचं पाणी आपोआप आत येतं. ही टाकी नसती तर ना तोफा कामाला आल्या असत्या ना नगारे. माथ्यावरचा तो जमिनीत उतरणारा चोर दरवाजाही बघा; त्याच्यासमोर सगळे फोटो काढतात. टाक्यांत मात्र पाण्याच्या रिकाम्या बाटल्या.

बाहेरून मदत येत होती, तीही फलकांवरून गळते. संभाजी महाराजांनी रुपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांना फौज देऊन पाठवलं. वेढा घालणाऱ्यांना मागून टोचत राहायचं आणि गडाला दाणागोटा पोचता ठेवायचा, असं ते काम. एकटा गड पाच वर्षं लढत नसतो. आणि गंमत पाहा, बाहेरून आलेल्या सरदारांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, समोरच्या तिन्ही खानांची आहेत (खानजहाननंतर कासिमखान किरमाणी आला आणि त्यालाही जमलं नाही), पण आत जो बसला होता त्याचं नाही.

म्हणून तुम्ही नावं लावता. मला राग येत नाही, समजतं. रिकामी जागा डोळ्यांना खुपते. आमच्या धंद्यात तर ती पापच. गिऱ्हाईक म्हणतं, ‘पेंटर, इथे एक स्वस्तिक टाका, मोकळं वाटतंय.’ तसंच झालंय हे. कुणी कुठल्या घराण्यातला किल्लेदार केला, कुणी कुठल्या. ज्याची त्याची आवड आणि ज्याचं त्याचं गाव. पण त्या वेळच्या लेखनातून खात्रीने सांगता येईल असा कागद कुणी पुढे ठेवलेला नाही, आणि दोन फलकांवर दोन नावं उभी आहेत म्हणजे निदान एक तरी खोटं आहे. खोट्या नावाने खऱ्या माणसाचं काय होतं? ज्याने ती रात्र अंधारात बसून काढली, त्याची जागा आपण दुसऱ्याला देऊन टाकतो. त्याला आधी इतिहासाने वगळलं, आता आपण वरून पांढरा हात मारतो.

आता शहराच्या दुसऱ्या टोकाला चला, पांडवलेण्यांत. त्रिरश्मीच्या त्या डोंगरावर मी पाटीसाठी नाही, अक्षरं बघायला जातो. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, कीर्ती सांगणारा. दहाव्यात नहपानाचा जावई उषवदात आणि मुलगी दक्षमित्रा. राजेराण्यांची नावं राहायचीच. पण आठव्या लेण्यात मुगूदास नावाच्या माणसाचा लेख आहे, आणि तो कोळी होता, मासे धरणारा, असा त्याचा अर्थ लावतात. हे लेणं आपण परिवारासह दिल्याचं त्याने कोरून घेतलंय. अठराव्या लेण्याच्या, म्हणजे चैत्याच्या दर्शनी भागावर तर एका अख्ख्या गावाने आपलं दान नोंदवलंय: नासिककरांचं धंभिक गाव. दोन हजार वर्षांच्या आसपासचे हे लेख. ब्राह्मी अक्षरं, वळणं अशी की माझ्या धंद्यातल्या त्या पूर्वजापुढे हात जोडावेत. खाली रेघ आखलेली नाही आणि तरी ओळ ढळत नाही.

म्हणजे याच शहरात दोन हजार वर्षांमागच्या मासेमाराचं नाव शाबूत आहे, आणि साडेतीनशे वर्षांमागच्या किल्लेदाराचं नाही. मुगूदासाने आपलं नाव स्वतः कोरून घेतलं होतं. रामशेजवरच्या माणसाला वेळ नव्हता, किंवा त्याला ते सुचलं नाही, किंवा लिहिलेला कागद जळला. यातलं काही झालेलं असो, त्याच्या जागी आपण लिहू नये. ज्याला आपलं नाव लिहायचं होतं त्याने लिहिलं. ज्याने लिहिलं नाही त्याच्या नावाने सही करणाऱ्याला आम्ही बाजारात काय म्हणतो, ते तुम्हाला माहीत आहे.

आता दुसरी गोष्ट, ज्यावर त्या मंडळाशी माझी थोडी बोलाचाली झाली होती. गड पडला कसा? १६८७ च्या सुमारास, लाच देऊन. लढून घेता आला नाही तो पैशाने घेतला, तोही आतूनच, तेव्हाच्या किल्लेदाराकडून. मुघलांनी त्याचं नाव रहीमगड ठेवलं. मी विचारलं होतं, हे मजकुरात का नाही? उत्तर आलं, ‘शेवट कशाला, पोरं निराश होतात.’

मी म्हणतो, उलट आहे. शेवट काढला की आधीची पाच वर्षं पोकळ होतात. अजिंक्य, अजिंक्य म्हणून तीन वेळा लिहायचं आणि मग पोराने विचारायचं, ‘काका, अजिंक्य होता तर मग गेला कसा?’ तेव्हा सगळे गप्प. त्यापेक्षा सरळ लिहा: हजारोंची फौज, तोफा, सुरुंग, दमदमा आणि मंतरलेला नाग यांना जे जमलं नाही ते एका थैलीला जमलं. सहावीतल्या पोराला हे कळतं, माझ्यावर विश्वास ठेवा. त्याच्या घरीही थैल्यांच्या गोष्टी रात्री जेवताना निघतात. तेव्हाचा किल्लेदार तोच पहिला होता की बदलून आलेला दुसरा, यावरही लोक वाद घालतात. म्हणून तर खोटं नाव लावायचं नाही. उद्या ज्याचं नाव तुम्ही पिवळ्यात रंगवून घ्याल, त्याच्याच माथ्यावर ही थैलीही कुणीतरी ठेवेल, आणि दोन्ही गोष्टी त्याच्या नसतील.

नंतरचं थोडक्यात. गड मराठ्यांकडे आला, पेशवाईत राहिला, आणि १८१८ मध्ये त्र्यंबकचा किल्ला पडल्यावर इंग्रजांच्या ताब्यात गेलेल्या सतरा ठिकाणांपैकी एक झाला. या खेपेला लढाई नाही की नाग नाही. फलकावर एक ओळ पुरे.

रामाबद्दलही एक सांगतो, कारण ते नाजूक आहे. रामशेज म्हणजे रामाची शेज. पंचवटीत राहताना श्रीराम इथे विसाव्याला येत, अशी श्रद्धा. ती मीही मानतो. गुहेतल्या देवळात दर वेळी नारळ ठेवून मगच रंगाचे डबे वर नेतो. पण श्रद्धेची ओळ आणि १६८२ ची ओळ एकाच रंगात, एकाच वळणात लिहिली की वाचणाऱ्याला दोन्हीतला फरक दिसत नाही. ‘अशी श्रद्धा आहे’ एवढे तीन शब्द लावले म्हणून रामाचं काही कमी होत नाही. काळारामाला कुणी तारखेचा दाखला मागत नाही.

हे सगळं आत्ताच का लिहितोय? कारण येणारं वर्ष पाट्यांचं आहे. २०२७ चा सिंहस्थ आहे, रामाशी जोडलेलं प्रत्येक ठिकाण यात्रेकरूंना दाखवलं जाणार, आणि रामशेजला ते चुकणार नाही. शिवाय जुलै २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यातला साल्हेर जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हापासून गडांवर काहीतरी लावायची हौस सगळीकडे वाढली आहे. माझ्याकडेच गेल्या काही महिन्यांत चार ठिकाणचे मजकूर येऊन पडलेत. धंदा म्हणून मला बरंच आहे. पण एकदा लागलेला फलक कोणी काढत नाही. त्यावर दुसरा लावतात.

फलक कुठे लावायचा, यावर मला तोंड वर करून बोलायचा अधिकार नाही, तरी बोलतो. विशीत असताना आम्ही चार मित्र रामशेजवर गेलो होतो. नवीन नवीन ब्रश हातात आलेला, अंगात मस्ती. माथ्यावरच्या एका टाक्याच्या कडेला मी लाल ऑइल पेंटने बाण काढला आणि खाली ‘पाणी’ लिहिलं. उपकारच करतोय असं वाटलं होतं. दहा-बारा वर्षांनी लाज वाटून थिनर आणि चिंध्या घेऊन पुसायला गेलो. रंग निघाला नाही. दगडाला बारीक छिद्रं असतात, त्यांत तो पातळ होऊन आणखी खोल उतरला आणि बाणाचा एक गुलाबी डाग झाला, पहिल्यापेक्षा मोठा. तो अजून आहे. शेजारीच छिन्नीच्या त्या तिरक्या खुणा. म्हणून हात जोडून सांगतो, कातळाला रंग लावू नका, ड्रिल मारून बोल्ट ठोकू नका. फलक पायथ्याला, मातीत दोन खांब रोवून. वर वाचण्यासारखं वरच आहे.

आता माझं म्हणणं. रामशेजचा फलक मी मजुरी न घेता करून देतो. पत्रा आणि रंग तुमचा. मजकुरात गडाचं नाव आणि श्रद्धा एका ओळीत. मग टाकी, किती आहेत ते वर जाऊन मोजून. मग १६८२, तीन खान, लाकडी तोफा कशा केल्या ते, कड्यावरची रात्र, आणि ही हकिकत समोरच्या बाजूच्या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे हे. नाग हवा असेल तर शेवटी, बारीक अक्षरात. रुपाजी भोसले, मानाजी मोरे. मग १६८७ आणि लाच. मग १८१८.

आणि या सगळ्याच्या वर, मधोमध, ‘किल्लेदार :’ असं पिवळ्यात लिहून पुढे जागा कोरी. दोन रेघा आखून ठेवीन, अडीच इंचांच्या अक्षराला पुरेल एवढी. लोक विचारतील, पेंटर इथे चुकला का, रंग संपला का. विचारू देत. सहावीतलं पोरगंही विचारेल, आणि त्याच्या बाईंना किंवा सरांना उत्तर द्यावं लागेल. कुणाकडे खरा कागद निघाला तर तो घेऊन या. मी जिवंत असेन तर त्याच दिवशी तिथे येऊन ओळ भरून देईन, नाहीतर माझा मुलगा येईल. तोही अक्षर बरं काढतो, फक्त ‘ळ’ अजून बसत नाही.

माझा जुना फलक तेवढा आधी उतरवू द्या. बोल्ट गंजलेत, पान्याने निघणार नाहीत, कापावे लागतील. बरोबर एखादा माणूस हवा. मजकूर मोबाइलवर पाठवू नका, कागदावर हाताने लिहून आणि दोघांनी वाचून द्या. आणि जे करायचं ते मे संपायच्या आत सांगा. पाऊस लागला की हवा ओली होते आणि प्रायमर पत्र्याला धरत नाही.

आपला,
पाट्या रंगवणारा एक नाशिककर